अर्धा फेरा

मिस्त्रीची बायको बहिरी आहे ही बातमी त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होती, आणि ती जुनी होऊ नये याची काळजी मिस्त्री स्वतः घ्यायचा. दुकानात नवं गिऱ्हाईक आलं की त्याच्या चेनसॉला काय झालंय हे विचारायच्या आधी तो आतल्या दाराकडे बोट करायचा आणि सांगायचा, त्या बाईला हाक मारू नका, तुमचाच घसा बसेल. गिऱ्हाईक हसायचं. मशीन लवकर दुरुस्त करून हवं असलं की माणूस मिस्त्रीच्या कुठल्याही विनोदाला हसतो. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात ते काही खोटं नाही.

कधी जास्त रंगात आला तर ती पाठमोरी भांडी घासत असताना तो एखादं मशीन चालू करायचा, तिच्या मागे आणायचा आणि एकदम पूर्ण रेस द्यायचा. ती हलायची नाही. मग तो मशीन बंद करून लोकांकडे वळायचा, तोफ डागली तरी हिचं भांडं आधी घासून व्हायचंय, म्हणायचा आणि लोक पोट धरून हसायचे. त्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही की मशीनने पायाखालची फरशी थरथरते आणि ही बाई अनवाणी उभी असते. तिला प्रत्येक वेळी कळायचं. दचकलं तर त्याला आणखी मजा येईल म्हणून ती दचकायची नाही, एवढंच. चौतीस वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याला केलेली ही एकच शिक्षा, आणि आपल्याला शिक्षा होतेय हे त्या शहाण्याला कधी कळलंही नाही.

लग्न होऊन आली तेव्हा ती बाविशीची होती आणि कान इतके तिखट की शेजारच्या घरात दूध उतू गेलं तर शेजारणीच्या आधी हिला कळायचं. मिस्त्रीने तेव्हा नुकतंच दुकान टाकलं होतं. हाताखाली माणूस नव्हता, बायको होती. तिने मशीन दोन्ही हातांनी छातीशी धरायचं, सांगेल तेव्हा रेस द्यायची, आणि त्याने वाकून कार्बोरेटरचा स्क्रू फिरवायचा.

हा स्क्रू म्हणजे त्या सगळ्या धंद्याचं मर्म. मशीनच्या पोटात हवा आणि पेट्रोल ठरल्या मापात जावं लागतं. पेट्रोल जास्त झालं तर ते ठसकतं, धूर सोडतं, ओढत नाही. कोणालाही कळतं की काहीतरी बिघडलंय. पेट्रोल कमी झालं तर मात्र उलटं होतं. मशीन जोरात पळतं, किंचाळतं, मालक खूश होतो. तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं, त्यामुळे पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी, आणि मशीन आतल्या आत कोरडं पडून जळत राहतं. एक दिवस पिस्टन सिलिंडरला चिकटतो आणि संपतं. म्हणून पूर्ण रेस दिल्यावर आवाजात जराशी घरघर शिल्लक ठेवायची, आणि लाकडात घातल्यावर ती मोडून आवाज सरळ झाला पाहिजे. हे सगळं कानाने जुळवायचं. दुसऱ्या दुकानांत फेरे मोजणारे मीटर आले तरी मिस्त्रीने आणला नाही. ज्याच्या डोक्याला कान नाहीत त्याने आकडे बघावेत, असं तो म्हणायचा. त्याचा कान खरोखरच एक नंबर होता, हे त्याचं वाईट चिंतणारेही कबूल करायचे. लोक त्याला ‘कानाचा मिस्त्री’ म्हणायचे आणि तो ते नाव पदवीसारखं मिरवायचा.

बायकोला त्याने मुद्दाम काही शिकवलं नाही. पण ओरडायचं म्हटलं तरी शब्द लागतातच. घरघर राहू दे, हे कोरडं झालं, ऐक ना गाढवे, असं सहा वर्षं ओरडता ओरडता सगळी विद्या तिच्या कानात पडली, आणि त्याच सहा वर्षांत कानांची वाट लागली. दुकानात कानांवर घालायची झाकणं एकच जोडी होती. ती त्याच्या गळ्यात असायची. स्क्रू फिरवताना उतरवायची, बाकी दिवसभर घालायची. तिने एकदा मागितली. तुला कशाला, तुला आपोआप सवय होईल, असं तो म्हणाला आणि ते अगदी खरं ठरलं.

आधी कुकरची शिट्टी गेली. मग दाराची घंटी. मग आतल्या खोलीतून लेकीने मारलेली हाक. लेक मोठी झाली, लग्न करून दुसऱ्या गावी गेली आणि तिथून एकदा येऊन आईला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. कानात मशीन बसवलं तर बराच फरक पडेल असं डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं. मिस्त्रीने कागद वाचला, त्याच कागदाने एक स्पार्क प्लग पुसला आणि लेकीला म्हणाला, तुझ्या आईने ऐकायचं होतं तेवढं ऐकून झालंय. लेक रडत परत गेली. त्यानंतर तिचा फोन आला की तोच घ्यायचा, तोच बोलायचा, आणि ठेवताना सांगायचा की आई बरी आहे.

कान गेले तरी भिंत राहिली. दुकान आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एकच भिंत होती. पलीकडे मिस्त्रीचं कामाचं टेबल तिच्यात बोल्ट ठोकून बसवलेलं, अलीकडे तिचा भांड्यांचा रॅक. तिकडे रेस दिली की इकडे पातेल्यातल्या पाण्यावर वर्तुळं उठायची. कधीतरी तिने सहज भिंतीला तळवा टेकला आणि तिला सगळं पुन्हा कळायला लागलं. नीट जुळलेलं मशीन हाताला अडखळत लागायचं, दाणेदार. कोरडं मशीन सलग, बारीक, हाताला मुंग्या आल्यासारखं. दुपारी भाजी चिरून झाली की ती भिंतीला हात लावून उभी राहायची आणि मनातल्या मनात म्हणायची, आता थोडा बाहेर काढ, बस. आणि तो नेमका तिथेच थांबायचा. त्या घरात दोघांचं एकमत व्हायचं ते तेवढंच. मिस्त्रीने तिला तशी उभी पाहिली तेव्हा त्याला नवा विनोद सापडला. लोकांच्या भिंतीला कान असतात, आमच्याकडे हिला भिंत आहे. हा विनोद वर्षभर चालला.

आणि मग, दोन वर्षांपूर्वी, मिस्त्रीचे कान जायला लागले.

ते सगळ्यात आधी तिला कळलं. चोराची पावलं चोराला ठाऊक. चारजण हसले की तो क्षणभर उशिरा हसायचा. समोरचा बोलताना डोळ्यांत बघायचं सोडून ओठांकडे बघायचा. ‘मशीनच्या आवाजात ऐकलं नाही’ म्हणायचा तेव्हा मशीन बंद असायचं. एकदा शेजारी दारात येऊन हातवारे करून गेला. टीव्हीचा आवाज कमी करा म्हणत होता, आणि टीव्ही मिस्त्री एकटाच बघत बसला होता. हे सगळे डाव तिचे स्वतःचे वीस वर्षांपूर्वी खेळून झाले होते.

खात्री करायची म्हणून एके दिवशी जेवायला वाढताना तिने नुसते ओठ हलवले. आवाज निघत नाही ना हे बघायला गळ्याला दोन बोटं लावून ठेवली. मिस्त्रीला नजरेच्या कोपऱ्यात ओठ हललेले दिसले. ‘हो हो,’ तो ताटाकडे बघत म्हणाला. दुसऱ्या दिवशी तिने तसंच, बिनआवाजी, ‘तुम्ही मेलात तर फार बरं होईल’ असं अगदी आदराने म्हटलं. ‘बघू,’ मिस्त्री म्हणाला. त्या आठवड्यात ती इतकी हसली की तेवढी बऱ्याच वर्षांत हसली नसेल. हे काही चांगल्या बाईचं लक्षण नाही असं कोणी म्हणेल. म्हणणाऱ्याने आधी सहा वर्षं मशीन छातीशी धरून बघावं.

दुकानाचं मात्र काही बिघडलं नाही. प्रत्येक मॉडेलचा स्क्रू किती फेरे उघडायचा हे मिस्त्रीला पाठ होतं; तेवढा उघडायचा, कान लावल्याचं नाटक करायचं, मान डोलवायची आणि मशीन द्यायचं. पलीकडे ती भिंतीला हात लावून वाट बघत होती. कधीतरी असं एखादं मशीन येईल ज्याचं माप त्याला पाठ नसेल. त्या दिवशी भर दुकानात, चारचौघांत, या माणसाचं पितळ उघडं पडेल. तिला आयुष्यात एवढंच बघायचं होतं.

ते मशीन झाडवाला घेऊन आला, आणि तिथेच देवाने तिची थट्टा केली म्हणायची.

झाडवाला हा एकच माणूस तिच्याशी माणसासारखा बोलायचा. पस्तिशीचा, काटकुळा, हातांवर ओरखडेच ओरखडे. सहा वर्षांपासून यायचा. पहिल्याच दिवशी तो स्वयंपाकघराच्या दारात तिच्या अगदी समोर उभा राहिला, चेहरा उजेडात धरला आणि न ओरडता, सावकाश म्हणाला, ‘वहिनी, पाणी मिळेल का?’ तिला शब्द न शब्द कळला. त्यानंतर तो कायम तसाच बोलला. एकदा त्याने सांगितलं की तिला बघितल्यापासून तो कानांवर झाकणं घातल्याशिवाय मशीनला हात लावत नाही. त्या दिवशी तिने त्याला पाण्याबरोबर चहाही दिला आणि भिंतीवरून हाताला मशीन कसं कळतं तेही सांगितलं.

त्याचं मशीन बावीस वर्षांचं होतं, मामाचं. मामानेच त्याला झाडावर चढायला शिकवलं, आणि मरताना हे मशीन दिलं. मूठ घासून घासून गुळगुळीत झालेली, अंगावरचा रंग उडालेला. तो मशीनला ‘म्हातारी’ म्हणायचा. म्हातारी अजून कणखर होती, पण तिचा एअर फिल्टर जुन्या पद्धतीचा, काडेपेटीएवढा, नायलॉनच्या जाळीचा. ओल्या लाकडाला तो पुरायचा. आता झाडवाल्याला मोठं काम लागलं होतं. रस्ता रुंद होणार होता आणि कडेची नव्वद झाडं, उभीच्या उभी वाळलेली, सहा आठवड्यांत पाडायची होती. आजवर तो दुसऱ्यांच्या हाताखाली तोडत आला. हे त्याचं स्वतःचं पहिलं काम, आणि हे नीट झालं तर वर्षभर त्या रस्त्याचं सगळं तोच बघणार होता. पण वाळल्या लाकडाचा भुसा पिठासारखा उडतो. अर्ध्या तासात जाळी बुजायची आणि म्हातारीला दम लागायचा. नव्या मोठ्या मॉडेलचा, घड्याघड्यांचा, मुठीएवढा फिल्टर त्याने कुठूनतरी मिळवला होता. तो म्हातारीला बसवून द्या, असं त्याचं म्हणणं. सोमवारी काम सुरू होणार होतं.

मिस्त्रीने मशीन हातात घेऊन फिरवून बघितलं. या मॉडेलचा पिस्टन मिळायचा बंद होऊन दहा वर्षं झाली आहेत, हे तो म्हणाला आणि झाडवाल्यालाही ते माहीत होतं. पिस्टन चिकटला तर म्हातारी गेलीच. म्हणूनच तुमच्याकडे आलो, झाडवाला म्हणाला, तुमच्या कानावर भरवसा आहे. मिस्त्रीने हे वाक्य त्याच्या ओठांवरून वाचलं आणि त्याची छाती फुगली.

त्याने दोन दिवस काम केलं आणि ते सुंदर केलं, हे सांगायला हवं. नवा फिल्टर जुन्या तोंडावर बसत नव्हता. त्याने ॲल्युमिनियमची पट्टी कापली, कानशीने घासली, मधे रबर बसवलं, आणि झाकण उंच करायला लांब बोल्ट लावले. केसाएवढी फट ठेवली नाही. असला कारागीर त्या पंचक्रोशीत दुसरा नव्हता, आणि माणूस म्हणून त्याच्याइतका दरिद्रीही नव्हता. या दोन गोष्टी एका अंगात राहतात, त्याला कोणाचा इलाज नाही.

शनिवारी दुपारी ट्युनिंगची वेळ आली. नवा फिल्टर जास्त हवा सोडणार, म्हणजे पेट्रोलही वाढवायला हवं, स्क्रू बाहेर काढायला हवा. हे शेंबड्या शिकाऊ माणसालाही कळतं. पण किती, हे कुठल्या पाठांतरात नव्हतं. असं मशीन आजवर झालंच नव्हतं.

ती पलीकडे भिंतीला तळवा लावून उभी राहिली. पहिल्या रेसला हाताला थोडं जास्तच अडखळत लागलं. पेट्रोल जरा चढ होतं. ठीक, आता पाव फेरा आत. त्याने आत घेतला. बरोबर, थांब. तो थांबला नाही. आणखी आत. हाताला दाणे लागायचे बंद झाले. आणखी आत, आणि तळव्याला मुंग्या आल्या. पातेल्यातल्या पाण्यावरची वर्तुळं इतकी बारीक झाली की दिसेनात. तिला कळलं काय चाललंय. वरचा बारीक आवाज त्याच्या कानांपर्यंत पोचतच नव्हता. त्याला सगळंच जड, भरलेलं ऐकू येत होतं, म्हणून तो पेट्रोल जास्तच आहे समजून स्क्रू आवळत होता.

भिंत शांत झाली. थोड्या वेळाने तो स्वयंपाकघराच्या दारात आला. हातात स्क्रूड्रायव्हर होता. दुकानात तेव्हा कोणी नव्हतं. तिने एवढ्या वर्षांत त्याचा असा चेहरा बघितला नव्हता. दुसऱ्याच्या घरात वाट चुकून शिरलेल्या माणसाचा असतो तसा.

‘जरा बघतेस का,’ तो म्हणाला. ‘भिंतीला हात लावून.’

तिने हात पुसले. चौतीस वर्षांत पहिल्यांदाच या माणसाने तिला काहीतरी विचारलं होतं. मनात आणलं असतं तर दोन शब्दांत काम झालं असतं. अर्धा फेरा बाहेर. बस.

‘मला काय कळणार,’ ती म्हणाली. ‘मी बहिरी.’

त्याने स्क्रूड्रायव्हर खिशात घातला. मग परत गेला. त्याने स्क्रूला पुन्हा हात लावला नाही. झाकण लावलं, बोल्ट आवळले. भिंतीतून तिला चारही बोल्ट कळले.

रविवारी सकाळी झाडवाला मशीन न्यायला आला तेव्हा दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. ती मुद्दाम दारात येऊन उभी राहिली. तिचा हिशेब सरळ होता. झाडवाल्याला चांगले कान आहेत. तो मशीन चालू करील, ऐकील, म्हणेल, मिस्त्री, हे कोरडं पळतंय. मग तिघे एकमेकांकडे बघतील.

झाडवाल्याने कानांवर झाकणं घातली आणि दोरी ओढली.

हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. सगळ्या जगात तो एकच माणूस होता जो झाकणं घातल्याशिवाय मशीनला हात लावत नव्हता, आणि कोणामुळे, हेही तिला ठाऊक होतं. म्हातारी किंचाळली असणार. उंबऱ्यातून तिच्या पायांना मुंग्या आल्या. झाडवाल्याने ओंडक्यावर पात ठेवली आणि ती लोण्यात शिरावी तशी गेली. त्याने मशीन बंद केलं, झाकणं मानेवर ओढली आणि आधी तिच्याकडे वळला. चेहरा उजेडात, सावकाश.

‘वहिनी, म्हातारी तरणी झाली.’

शब्द तिच्या जिभेवर होते. पण त्याच वेळी तिने मिस्त्रीकडे बघितलं. मिस्त्री तिच्या ओठांकडे बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत भीती होती. खरी, पांढरीफटक भीती. ती बोलली तर तो लगेच म्हणणार होता, हो, तेच करायचं राहिलंय. अर्धा फेरा फिरवून मशीन देणार होता, आणि सोमवारपासून सगळीकडे त्याच्याच कानाचं कौतुक होणार होतं. ती गप्प राहिली तर ही भीती आणखी एक दिवस त्याच्या डोळ्यांत राहणार होती. एकच दिवस तिला ती हवी होती. झाडवाला कामावर कधीतरी झाकणं काढेल, ऐकेल, आणि सोमवारी दुपारपर्यंत तावातावाने परत येईल, असं तिने स्वतःला सांगितलं. माणसाला जे करायचंच असतं त्यासाठी त्याला कारणं कमी पडत नाहीत.

ती हसली आणि तिने मान डोलवली.

तो सोमवारी आला नाही. मंगळवारी दुपारी आला. म्हातारी खांद्यावर होती आणि तो दवाखान्यातून बाहेर पडलेल्या माणसासारखा चालत होता. अकरावं झाड अर्ध्यावर असताना मशीन एकदम थांबलं होतं. दोरी ओढली तर हलत नव्हती.

मिस्त्रीने सायलेन्सर काढला आणि आतल्या भोकातून बॅटरी मारून बघितलं. पिस्टनवर उभे ओरखडे, वरपासून खालपर्यंत. त्याला त्याच क्षणी कळलं. ती दारातून त्याचे खांदे बघत होती, तिलाही कळलं. दुकानात चारजण होते. आता, तिला वाटलं, आता होणार.

मिस्त्री ताठ झाला आणि झाडवाल्याकडे वळला. हल्ली तो मोठ्यानेच बोलायचा.

‘पेट्रोलमध्ये तेल किती घातलंस?’

झाडवाला म्हणाला, नेहमीएवढं. नेहमीएवढं म्हणजे किती, मिस्त्रीने विचारलं, मोजलं कशाने? बाटलीच्या टोपणाने, झाडवाला म्हणाला, मामा असंच मोजायचा. मिस्त्रीने लोकांकडे बघून दोन बोटांत टोपण धरल्यासारखं केलं आणि ते ओतून दाखवलं. लोक हसले. मग त्याने तिथेच उभ्या असलेल्या एकाला विचारलं की रविवारी मशीन दिलं तेव्हा तू होतास, कसं चालत होतं? फर्स्ट क्लास, तो म्हणाला. लोण्यासारखं कापत होतं. मिस्त्रीच्या कानाबद्दल शंका घ्यायचं कोणाच्या मनातही आलं नाही. ज्याच्या नावाला एवढी वर्षं आहेत त्याच्यापुढे बाटलीचं टोपण कुठे टिकणार? झाडवाल्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. सोमवारी सकाळी आपण घाईत होतो, एखादं टोपण राहिलं असेल, असं तो स्वतःच पुटपुटायला लागला. माणसाला दोष देणारे चारजण मिळाले की पाचवा तो स्वतः होतो.

मशीन उचलायच्या आधी तो स्वयंपाकघराच्या दारात आला. नेहमीसारखा तिच्या अगदी समोर, चेहरा उजेडात. त्याच्या पाठीमागे, जरा बाजूला, मिस्त्री येऊन उभा राहिला.

‘वहिनी,’ झाडवाला सावकाश म्हणाला, ‘तुमच्या हाताला कळतं. म्हातारी इथून नीट गेली होती ना? माझंच चुकलं ना?’

शब्द न शब्द कळला. तिला सांगता आलं असतं. पण सांगायचं म्हणजे सगळंच सांगायचं. शनिवारी दुपारी मला कळलं होतं, रविवारी सकाळीही कळलं होतं, तू माझ्याकडे बघून हसलास तेव्हा मी मान डोलवली. जगात एकच माणूस तिच्या डोळ्यांत बघून बोलत होता, आणि त्याला हे तिच्या तोंडून ऐकवायचं. तिला ते झालं नाही. ती भित्री निघाली, आणि हे तिला त्याच क्षणी कळलं.

तिने कानाला हात लावला.

‘मला ऐकू येत नाही,’ ती म्हणाली.

झाडवाला गोंधळला. सहा वर्षांत हे कधी झालं नव्हतं. आपल्याच बोलण्यात काही चुकलं असेल असं त्या भल्या माणसाला वाटलं असावं. तो एक पाऊल पुढे आला, वाकला, आणि तोंड उघडून ओरडला. मानेच्या शिरा ताणल्या, ओठ वेडेवाकडे झाले, आणि जो चेहरा तिला नेहमी स्वच्छ वाचता यायचा त्यावरचं एक अक्षर लागेना. मागचे चौघे पोट धरून हसत होते. मिस्त्रीने काय म्हटलं ते तिला न ऐकताही ठाऊक होतं. घसा तुझाच बसेल.

तिने नाही म्हणून मान हलवली. झाडवाला म्हातारीला खांद्यावर टाकून निघून गेला.

रस्त्याचं काम दुसऱ्याला मिळालं. महिन्याभराने बाजारातून येताना तिने झाडवाल्याला तिथे बघितलं. दुसऱ्याचं मशीन चालत होतं आणि त्याच्या मागे दोन हातांच्या अंतरावर झाडवाला फांद्या ओढत होता. कानांवर झाकणं नव्हती. ती मशीन चालवणाऱ्याला मिळतात, फांद्या ओढणाऱ्याला नाही. त्याने तिला बघितलं आणि दुरूनच मोठ्याने काहीतरी ओरडला, हात हलवला. ती पिशवी सांभाळत पुढे गेली.

मिस्त्रीचं नाव उलट वाढलं. टोपणाने तेल मोजणाऱ्या शहाण्याची गोष्ट तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. बायको बहिरी असल्याचा विनोद मात्र त्याने सोडून दिला आहे.

फांद्या ओढणारा झाडवाला दिसला त्याच्या दुसऱ्या दिवशी एक म्हातारा आपलं तसंच जुनं मशीन घेऊन दुकानात आला. झाडवाल्याच्या मशीनला बसवला तसा फिल्टर मलाही हवा, म्हणाला. मिस्त्रीने पट्टी कापली, रबर बसवलं, मशीन टेबलावर घेतलं आणि रेस द्यायच्या आधी मान वळवून स्वयंपाकघराच्या उघड्या दाराकडे बघितलं. काही विचारलं नाही. ती हातातलं काम ठेवून उठली आणि तिने भिंतीला तळवा लावला. तळव्याला मुंग्या आल्या तशी ती दारात गेली आणि तिने बोटाने दाखवलं, अर्धा फेरा बाहेर. त्याने अर्धा फेरा फिरवला. म्हातारा गिऱ्हाईक बाहेर बाकावर बसून डोळे मिटून ऐकत होता, आणि कान असावा तर असा, असं शेजारच्याला सांगत होता.